सात नंबर

एकवीस वर्षं मी खाणीवर ग्रीस मारलं.
डम्परच्या पोटाखाली उताणा पडून
निपलाला गन लावायची, दाबत राहायचं
जुनं, काळं, मातीनं लाल झालेलं
सगळं बाहेर ओकेपर्यंत.
जास्त झालं तर कुणी विचारत नसे.
कंपनीचं होतं.

आता डिचोलीत, बाजाराच्या मागे,
केंद्राच्या वरच्या माळ्यावर
बारा चरखे आहेत आणि मी,
आणि शिवणयंत्राच्या तेलाची अंगठ्याएवढी बाटली,
महिनाभर पुरवायची.
सत्यवती मास्तरीण पहिल्याच दिवशी म्हणाली,
"उगवेकर, थेंब म्हणजे थेंब."
मी हसलो.

थेंब गनमधून येत नाही.
माडाच्या झावळीचा हीर घ्यायचा,
टोक चावून बोथट करायचं,
बुडवायचं, झटकायचं,
उरेल तेवढंच चातीच्या मानेला,
जिथं ती चामड्याच्या कानात फिरते.
मग तुटक्या पेळूनं पुसून घ्यायचं,
घातलंच नव्हतं असं.
नाहीतर सुतावर डाग,
आणि डागाची लडी शेवंती परवार
नाकाशी नेऊन माझ्याकडे बघते.
काही बोलत नाही.

खोबरेल नको, हे बारा जणींना बाराशे वेळा सांगितलं.
नाताळाच्या आठवड्यात पहाटे ते थिजतं,
चाती मेणात रुतलेल्या वातीसारखी उभी.

आणि खिडकी लावा.
रस्त्यावरून डम्पर गेला की
लाल धूळ वर येते, तेलात बसते,
मग त्याला तेल म्हणायचं नाही, कानस म्हणायचं.
चार दिवसांत मोढिया खाते.
ती धूळ मी ओळखतो.
माझं घर तिच्यावरच बांधलंय.

चाती सरळ आहे का, ते काचेवर लोळवून बघायचं.
वाकडी असली तर तिच्याखालून
उजेड डोळे मिचकावतो.
पावसाळ्यात माळ आखडते, पेरभर सोडायची,
गणपती गेले की पुन्हा ओढायची.
एवढंच काम. दुपारपर्यंत संपतं.

सात नंबर ओरडायचा.
दर फेऱ्याला एकदा, बारीक,
दाराच्या फटीत शेपटी सापडलेल्या मांजरासारखा.
त्यावर आवेलीना, अस्नोड्याची,
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात तो येऊ घातलेला.
शनिवारी मी चाक उतरवलं,
आसाला चिकटलेलं काळं नखानं खरवडलं,
लाकडाला रात्रभर तेल प्यायला दिलं.
सोमवारी चाक फिरलं,
आणि फिरतंय हे फक्त वाऱ्याला कळलं.
मी कमरेवर हात ठेवून उभा.

तिचं सूत चारदा तुटलं.
पाचव्यांदा तिनं हात मांडीवर ठेवले.
"आतां मेजूं कशें रे?"

नऊ आवाजांत हात खांद्यापर्यंत.
मग एक उलटा.
मग तीन, गुंडाळायला.
सहा वर्षं ती त्या ओरडण्यावर सूत मोजत होती
आणि मी ते बरं करून टाकलं होतं.

ओरडणारं बेअरिंग म्हणजे स्वतःला खाणारं बेअरिंग.
हे मी तिला सांगितलं.
तिनं मान हलवली,
पाद्रीचं ऐकतात तशी.

माळेचा सांधा मी नेहमी सुईनं विणतो,
जिभेलाही लागणार नाही इतका सपाट.
त्या दिवशी उसवला.
गाठ मारली.
मोठी झाली, माळ उडाली.
लहान झाली, ऐकू येईना.
तिसरी तांदळाच्या कणीएवढी,
चातीवरून जाताना:
टक्.

आवेलीनानं मान तिरकी केली.
"हो वेगळो," म्हणाली,
आणि नवा पेळू उचलला.

संध्याकाळी मास्तरीण वही घेऊन आली,
बोट माळेवरून फिरवलं, थांबलं.
"सातला गाठ आहे, उगवेकर."
"आहे."
"सोडवायची राहिली?"
मी बाटलीचं झाकण शोधत होतो.
ते मिळायला बराच वेळ लागला.